नाकाची घडण बदलताना

१. विचारला जाणारा प्रश्न

“ऑपरेशन केले तर नाक अगदी हवे तसे होते का, आणि किती दिवसांत?” नाकाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेविषयी सामान्य माणूस डॉक्टरला जे विचारतो त्याचा गाभा या एका वाक्यात येतो. सुरतेच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडधंद्यापायी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि तिथेही हा प्रश्न बहुधा लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या सुमारास किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की निघतो. कुणाला नाकाच्या दांडीवरचा उंचवटा नको असतो, कुणाला नकटे नाक सरळ करून हवे असते, कुणाचे नाक लहानपणी पडल्यामुळे एका बाजूला झुकलेले असते, तर कुणाची तक्रार एवढीच असते की रात्री एक नाकपुडी बंद होते आणि तोंड उघडे ठेवून झोपावे लागते.

यातली शेवटची तक्रार आधीच वेगळी काढणे आवश्यक आहे. बोलीत जिला “नाकाचे हाड वाढले” असे म्हणतात ती अवस्था पुष्कळदा नाकाच्या मधल्या पडद्याचे वाकणे असते किंवा आतल्या मांसल पाळ्यांना आलेली सूज असते, आणि तिच्यावरचे उपचार बाहेरचा आकार मुळीच न बदलता करता येतात. गोडादऱ्यातील रहिवाशाला त्यासाठी खासगी सौंदर्य-क्लिनिकची पायरी चढण्याचे कारण नाही. उमरवाड्यातील महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय किंवा मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल रुग्णालय, या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. आकाराची शस्त्रक्रिया आणि श्वासाची शस्त्रक्रिया एकाच वेळी करता येते हे खरे, परंतु आपल्याला दोहोंपैकी काय हवे आहे हे रुग्णाने आधी ठरवले नाही, तर पुढची सगळी अपेक्षा डळमळीत पायावर उभी राहते.

२. नाक कशाचे बनलेले असते

नाकाचे वरून खाली साधारण तीन भाग पडतात. डोळ्यांच्या मधला वरचा तिसरा हिस्सा हाडाचा असतो आणि चष्मा टेकतो तो याच्यावर. मधला हिस्सा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागते तशा लवचीक पण आकार धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा असतो. आणि खालचा हिस्सा, ज्यात शेंडा आणि नाकपुड्या येतात, तो दोन कमानदार कूर्चांनी तोललेला असतो. या सगळ्याला मधोमध आधार देणारी भिंत म्हणजे पडदा, जो पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो. आतून ओलसर अस्तर आणि बाहेरून त्वचा असे दोन थर या सांगाड्याला चिकटलेले असतात.

शस्त्रक्रियेत बदलला जातो तो सांगाडा. त्वचा तीच राहते, आणि बदललेल्या सांगाड्यावर ती हळूहळू बसते. सुरतेच्या साडीबाजारात ज्याने हात घातला आहे त्याला हे समजावणे सोपे आहे: एकाच पुतळ्यावर जॉर्जेटची साडी नेसवली तर खांद्याचे हाडदेखील उठून दिसते, पण तोच पुतळा गोधडीत गुंडाळला तर आत कितीही कोरीव काम केलेले असो, बाहेरून एक गोलसर आकारच दिसतो. नाकाच्या शेंड्यावरची त्वचा जाड आणि तेलकट असेल, जशी ती भारतीयांत पुष्कळदा असते, तर आतल्या कूर्चेला दिलेला टोकदार आकार बाहेर मवाळ होऊनच उमटतो. याउलट त्वचा फार पातळ असेल तर आतली लहानशी असमानताही कालांतराने वर दिसू लागते. म्हणून एखाद्या नटीच्या छायाचित्राकडे बोट दाखवून “हेच नाक हवे” असे म्हणणाऱ्याला प्रामाणिक शल्यविशारद प्रथम त्याची स्वतःची त्वचा चिमटीत धरून दाखवतो.

दुसरी लक्षात ठेवण्याची जागा आतली आहे. मधल्या हिस्स्यातील कूर्चा आणि पडदा यांच्यामध्ये एक चिंचोळी फट असते आणि नाकातून जाणाऱ्या हवेला सर्वांत जास्त अडथळा तिथेच होतो. गुळगुळीत नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाचा नियम असा आहे की नळीची त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली, तर प्रवाह दहा टक्क्यांनी घटत नाही, तो सुमारे एक तृतीयांशाने घटतो. नाक ही गुळगुळीत नळी नव्हे, त्यामुळे हा हिशेब त्याला तंतोतंत लागू पडत नाही. तरी नाक “थोडेसेच” बारीक करताना श्वास बराच का अडू शकतो, याचा अंदाज त्यावरून येतो. आरशासमोर उभे राहून नाकालगतचा गाल हलकेच बाहेर ओढला असता श्वास लगेच मोकळा वाटत असेल, तर अडथळा याच जागी असण्याचा संभव असतो, आणि ही गोष्ट डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगण्यासारखी आहे.

३. पुण्याच्या कुंभाराचा पंचवीस दिवसांचा नियम

नाकाच्या शस्त्रक्रियेचा जगाला ठाऊक असलेला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण मराठी मुलखातला आहे. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यातील १७९२ च्या युद्धात कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. तत्कालीन नोंदीत तो शेतकरी वर्गातला मराठा असल्याचे म्हटले आहे. टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि त्यानंतर पुण्याजवळच्या कुंभार-वीटकर जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली, चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात त्याचे वर्णन छापून आले. पाहणाऱ्यांची नावे त्यामुळे इतिहासात राहिली; करणाऱ्याचे नाव मात्र त्या वर्णनात नाही.

त्या वर्णनातील तपशील आजही वाचनीय आहेत. मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकाच्या जागी दाबून त्याला नाकाचा आकार देत, मग तो सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्याच्या कडेने रेघ ओढत. रेघेच्या आतली त्वचा सोडवून घेतली जाई, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिची एक अरुंद पट्टी शरीराला जोडलेलीच ठेवली जाई. जुन्या जखमेच्या कडा खरवडून ताज्या केल्या जात आणि ती त्वचा अर्धवट पीळ देऊन खाली आणून त्या कडांत बसवली जाई. टाके नव्हते, पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या चिंध्यांना लावून अशा पाच-सहा चिंध्या एकावर एक चिकटवत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवत, रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवत, दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, आणि डोळ्यांच्या मधली ती पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापत.

पट्टी पंचविसाव्या दिवसापर्यंत राखायची हे त्या कारागिराच्या विद्येचे मर्म होते. कपाळावरून खाली आणलेल्या त्वचेला जगण्यासाठी रक्त लागते, ते तोवर त्या पट्टीतून येते, आणि नव्या जागेशी नव्या रक्तवाहिन्या जुळल्यावरच ती वाट बंद करता येते. घाई केली तर त्वचा काळी पडून गळून जाते. सूक्ष्मदर्शक, जंतुशास्त्र आणि भूल यांपैकी काहीही हाताशी नसताना हा कालावधी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून ठरला होता, आणि आजही कपाळाच्या त्वचेने नाक पुन्हा उभारताना साधारण तीन आठवड्यांनी ही पट्टी कापतात.

सुश्रुतसंहितेत याच्या फार आधी गालाच्या त्वचेने नाक जोडण्याची कृती आली आहे. झाडाच्या पानाने माप घेणे, नाकात दोन नळ्या बसवणे, ज्येष्ठमध, पतंगाचे लाकूड आणि रसांजन या औषधींची पूड टाकणे, तिळाच्या तेलाने भिजवणे असा तिचा क्रम आहे. आणि जोडलेले नाक उणे राहिले तर पुन्हा वाढवावे, मांस जास्त झाले तर सारखे करावे, असे दुरुस्तीचे कलमही त्यात आहे. पुण्याचे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी ही शस्त्रक्रिया प्रथम केली. १८१६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि युरोपात हे तंत्र ‘भारतीय पद्धत’ म्हणून रुळले. गुजरातपुरते बोलायचे तर काठेवाडात नाके कापण्याचे प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होते, आणि जुनागढ संस्थानचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी अशा शंभर रुग्णांची हकीकत सांगणारे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडमधील प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसक्या नाकांवर काम केले. कुष्ठरोगात बाहेरची त्वचा बहुधा शाबूत असते, पण आतले अस्तर आक्रसून आणि कूर्चा झिजून नाक खाली ओढले जाते, म्हणून तिथे नाकाच्या आतून अस्तर भरून काढावे लागते.

या सगळ्या हकिकती गमावलेले नाक परत मिळवण्याच्या आहेत, आणि शाबूत नाकाचा केवळ आकार बदलण्याची शस्त्रक्रिया त्यांहून निराळी आहे. तरीही पट्टीचा तो नियम तिथेही वेगळ्या रूपात लागू पडतो. सुरी कितीही सफाईने चालो, जखम भरण्याचा वेग रक्तपुरवठा ठरवतो, आणि डॉक्टरच्या सूचनांपैकी निम्म्याअधिक सूचनांचे कारण तिथेच सापडते.

४. आजची शस्त्रक्रिया: तासणे, उभारणे, वळवणे

शाबूत नाकावरील सौंदर्यशस्त्रक्रियेची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे जॉन ऑर्लांडो रो याने १८८७ मध्ये बाहेर व्रण न ठेवता नाकाच्या आतून शेंडा लहान करण्याची पद्धत मांडली, आणि बर्लिनच्या जाक योझेफ याने १८९८ मध्ये मोठ्या नाकामुळे लोकांत जाणेच टाळणाऱ्या एका तरुणाचे नाक लहान केले. आकारामुळे येणारे मानसिक ओझे हेही शस्त्रक्रियेचे रास्त कारण ठरू शकते, ही योझेफची भूमिका त्या काळात सर्वांना पटलेली नव्हती.

आज करतात त्या कामाचे तीन प्रकार आहेत. दांडीवरचा उंचवटा कानशीसारख्या हत्याराने घासून किंवा छिन्नीने तासून कमी करतात. तो मोठा असेल तर वरचा भाग सपाट पडतो, म्हणून दोन्ही बाजूंची हाडे मुळाशी नेमकी कापून आत सरकवावी लागतात. लोक ज्याला “नाक तोडून पुन्हा बसवतात” म्हणतात ते हेच, आणि ते वर्णन जितके भीतीदायक आहे तितकी ती क्रिया रानटी नाही. बसक्या नाकाला भर घालावी लागते आणि ही गरज आपल्याकडे अधिक आढळते. त्यासाठी पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चेला असते: आधी पडद्याची, ती पुरली नाही तर कानाच्या वाटीची, आणि फारच उणे असेल तर बरगडीची. कानाची कूर्चा काढल्याने ऐकण्यावर परिणाम होत नाही आणि कानाचा आकारही फारसा बदलत नाही; बरगडीच्या कूर्चेसाठी मात्र छातीवर व्रण येतो, वेदना जास्त होतात आणि ती कूर्चा पुढे किंचित वाकण्याचा धोका राहतो. सिलिकॉनचा तयार तुकडा घालणे सोपे आणि झटपट असले, तरी तो परका पदार्थ असल्यामुळे वर्षांनीही त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा तो त्वचेतून बाहेर येऊ शकतो. तिसरा प्रकार शेंड्याचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे, कारण तिथे कापण्यापेक्षा कूर्चांना बारीक टाके घालून त्यांची कमान वळवण्यावर आता भर असतो.

हे सारे दोन वाटांनी करता येते. बंद पद्धतीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत असतात. उघड्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर एक छोटा आडवा छेद घेऊन त्वचा वर उचलतात, त्यामुळे सांगाडा डोळ्यांसमोर येतो. उघड्या पद्धतीचा व्रण बारीक असतो आणि बहुतेकांत वर्षभरात शोधावाच लागतो. सूज मात्र जरा जास्त टिकते. कोणती पद्धत घ्यावी याचा निर्णय डॉक्टरच्या हातावर सोडणे शहाणपणाचे.

५. आधीची भेट

पहिल्या भेटीत समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरकस आणि खालून अशी ठरावीक छायाचित्रे घेतात. रुग्णाने मोबाइलवरची सेल्फी दाखवून तक्रार करणे आता नेहमीचेच झाले आहे, आणि इथे भूमितीची एक साधी गोष्ट आड येते. कॅमेरा चेहऱ्यापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर असेल तर कानांपेक्षा नाक त्याला प्रमाणाबाहेर जवळ असते. अशा छायाचित्रात नाक दीड मीटरवरून दिसते त्याहून जवळपास ३० टक्के रुंद भासू शकते, असे २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी गणिताने दाखवले. जे नाक माणसे समोर बसून पाहतात त्यावर शस्त्रक्रिया करायची असते, म्हणून निर्णयाआधी कुणाला तरी दोन मीटरवरून छायाचित्र काढायला सांगावे. जाहिरातींतील ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या जोड्या पाहताना प्रकाश, मानेचा कोन आणि हसू दोन्हींत सारखे आहे का, हेही तपासावे. पुष्कळदा ते नसते.

वयाची अट नाकाच्या वाढीशी बांधलेली आहे. मुलींत साधारण पंधरा-सोळा आणि मुलांत सतरा-अठरा वर्षांपर्यंत नाक वाढत असते, त्याआधी केवळ आकारासाठी शस्त्रक्रिया करत नाहीत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी रक्त जास्त वाहते, त्यामुळे त्या आधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. तंबाखूची बाब सर्वांत अवघड. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ते बिडीतून आले काय किंवा बारा तासांच्या पाळीत जागे राहण्यासाठी मळलेल्या चुना-तंबाखूतून आले काय, त्वचेला फरक पडत नाही. आधीचे आणि नंतरचे निदान चार-चार आठवडे ते बंद ठेवायला सांगतात, आणि “मी ओढत नाही, फक्त खातो” ही सबब इथे चालत नाही.

काही वेळा चांगला डॉक्टर नकार देतो. इतरांना जवळजवळ न दिसणारा दोष ज्याला दिवसभर छळतो, जो तासन्‌तास आरशासमोर असतो आणि दोन-तीन ठिकाणी शस्त्रक्रिया करूनही असमाधानी असतो, त्याचा त्रास खरा असला तरी त्याचे मूळ नाकात नसते. अशा रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हा योग्य उपचार आहे. नवरा, सासू किंवा होऊ घातलेले स्थळ यांच्या आग्रहाखातर आलेल्या रुग्णाशीही डॉक्टरने एकांतात बोलायला हवे.

६. शस्त्रक्रियेचा दिवस आणि त्यापुढचे वर्ष

शस्त्रक्रिया बहुधा संपूर्ण भूल देऊन होते आणि कामाच्या व्याप्तीनुसार दीड ते तीन तास चालते. आधी सहा ते आठ तास काही खायचे नसते आणि नाकातली चमकी घरीच काढून ठेवायची असते. जाग येते तेव्हा नाकावर कडक पट्टी असते, कधी आत मऊ पट्ट्या किंवा बोळे असतात, श्वास तोंडाने घ्यावा लागतो आणि घसा कोरडा पडतो. थोडे रक्त गिळले गेलेले असल्याने एखादी काळपट उलटी झाली तर ते बहुधा घाबरण्यासारखे नसते. वेदना अपेक्षेहून कमी आणि नाक चोंदल्याची घुसमट अपेक्षेहून जास्त, असा अनुभव बहुतेकांना येतो.

डोळ्यांखालची सूज आणि काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाढतो. भेटायला आलेले नातेवाईक नेमके याच वेळी येतात आणि घरातल्यांचे धाबे दणाणते. त्यांना आधीच सांगून ठेवावे. उशा उंच करून उताणे झोपणे, नाक न शिंकरणे आणि शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकणे ही पहिल्या दोन आठवड्यांची पथ्ये. पाचव्या ते सातव्या दिवशी टाके आणि पट्टी काढतात, आणि रुग्ण आरशात पाहतो तेव्हा दिसणारे नाक सुजलेले, रुंद आणि शेंड्याला जरा जास्तच वर उचललेले असते. हे नाक अंतिम नव्हे. या दिवशी रडू येणे इतके सर्रास आहे की ते पुस्तकात लिहून ठेवण्याजोगे आहे.

बसून करायचे काम आठ-दहा दिवसांत सुरू करता येते. लूमच्या कारखान्यातले काम मात्र वेगळे: तिथे हवेत धाग्यांचा बारीक तंतू असतो, पाळी लांब असते आणि ओझे उचलावे लागते, म्हणून तिथल्या कामगाराने निदान तीन-चार आठवड्यांची सुट्टी गृहीत धरावी आणि जड कामाबाबत सहा आठवड्यांनंतर विचारावे. चष्म्याचा भार चार ते सहा आठवडे हाडावर पडू द्यायचा नसतो. दुचाकीवरून जाताना उन्हाधुळीपासून वाचण्यासाठी मुली चेहऱ्यावर घट्ट बांधतात तो दुपट्टा आणि डोक्यावरून खेचून घालायचे बंद हेल्मेट, ही दोन्ही नव्या नाकाची शत्रू ठरतात. तोवर रिक्षाने जावे. खानदेशी लग्नातल्या वजनदार नथेचा प्रश्नही विचारावा लागतो, आणि दाबाची नथ सुरक्षित असे कुणी समजू नये, कारण ती नाकपुडीला चिमटीत धरते.

सुजेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत उतरतो, शेंड्याचा बधिरपणाही काही महिन्यांत जातो, परंतु शेंड्याची शेवटची सूज जायला वर्ष लागते आणि जाड त्वचेत त्याहूनही अधिक. याचा व्यवहारी हिशेब असा. समजा एखाद्या मुलीचे लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, एप्रिल-मेमध्ये ठरले आहे आणि घरच्यांनी दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करायचे योजले आहे. सुट्टी दोन-तीन आठवड्यांची असेल तर काळेनिळेपणा तेवढ्यात जाईल आणि शेजारपाजाऱ्यांना विशेष काही कळणार नाही. लग्नापर्यंत जेमतेम सहा महिने झालेले असतील, दांडी सरळ दिसेल, पण शेंडा अजून गोलसर आणि कडक असेल, आणि लग्नाच्या अल्बमात कायमचे तेच नाक राहील. आखाजीच्या लग्नासाठी आदल्या वर्षीची आखाजी हाच खरा मुहूर्त. तेवढा अवधी नसेल तर लग्न उरकून मग विचार करावा.

७. काय बिघडू शकते

रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलीचे धोके इथेही असतात, जरी निरोगी तरुण माणसात गंभीर प्रकार विरळा. नाकाचे खास धोके असे की पडद्याला छिद्र पडून श्वासाबरोबर शिटी वाजणे, फट अरुंद होऊन श्वास अडणे, दांडी जास्त तासली जाऊन मधे खोलगट होणे, किंवा दोन बाजूंत फरक राहणे. दुसरी शस्त्रक्रिया लागणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत साधारण शंभरात पाच ते पंधरा असे सांगितले जाते. चांगल्या हातांतही ते शून्य होत नाही. दुरुस्ती वर्षभर थांबल्यावरच करतात, कारण सुजेवर केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाजावर केलेली दुरुस्ती. सूज अचानक वाढणे, ताप, थांबत नसलेले रक्त किंवा दृष्टीत बदल यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘बिनशस्त्रक्रियेचे नाक’ म्हणून ज्याची जाहिरात होते त्या भरावाच्या इंजेक्शनाबद्दल इथेच सांगितले पाहिजे. त्याने खोलगट जागा भरून दांडी सरळ भासवता येते, नाक लहान मात्र करता येत नाही, आणि परिणाम काही महिने ते साधारण दीड-दोन वर्षे टिकतो. नाकावरच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. द्रव चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचेचा तुकडा मरू शकतो आणि क्वचित दृष्टी कायमची जाते. हे काम ब्यूटी पार्लरमध्ये करून घेणे म्हणजे निव्वळ वेडेपणा.

८. पैसा, विमा आणि कागद

आरोग्यविम्याच्या पॉलिसींत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेली शस्त्रक्रिया तेवढी मान्य होते. वाकड्या पडद्याच्या दुरुस्तीचा दावा त्यात बसू शकतो, उंचवटा तासण्याचा नाही. करातही हाच भेद आहे. उपचारांवर साधारणतः वस्तू व सेवा कर लागत नाही, पण केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ती सूट नाही आणि तिच्यावर १८ टक्के कर बसतो. जन्मजात व्यंग किंवा इजा यांवरील पुनर्रचना मात्र करमुक्त आहे. क्लिनिकने एक लाख रुपये सांगितले तर ते करासह की कराविना, हे विचारावे, कारण फरक अठरा हजारांचा पडतो. भूलतज्ज्ञाचे शुल्क, रुग्णालयाचा दिवस, औषधे आणि दुरुस्ती लागलीच तर तिचा खर्च कुणाचा, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी असावा, अथवा नाकाच्या आकाराच्या शस्त्रक्रियांचा वेगळा अनुभव असलेला कान-नाक-घसा शल्यविशारद असावा; नोंदणी क्रमांक राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत तपासता येतो. संमतिपत्र गुजराती किंवा इंग्रजीत असेल आणि सही करणाऱ्याला ती भाषा नीट वाचता येत नसेल, तर ते मराठीत समजावून मागण्याचा त्याला हक्क आहे. घरी जाताना सुट्टीच्या कागदाबरोबर शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदही मागून घ्यावी. कूर्चा कुठून घेतली, किती वापरली, पडद्यातली किती शिल्लक आहे आणि परका पदार्थ घातला आहे का, हे तिच्यात लिहिलेले असते. कुटुंब पुढे जळगावला किंवा धुळ्याला परतले आणि चार वर्षांनी तिथल्या डॉक्टरपुढे बसावे लागले, तर त्याला पहिल्यांदा लागणारा कागद तोच असतो.